पाचामुखी भोपळा

नियम

जमिनीखाली काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून पाच प्रश्न विचारायचे.

तेल होईल असं काही गाळात गाडलं गेलं होतं का. ते शिजलं का. शिजल्यावर जाऊन मुरेल असा सच्छिद्र दगड वर होता का. त्या दगडावर घट्ट झाकण होतं का. आणि हे सगळं पळून न जाता अडकून राहील असा सापळा होता का.

प्रत्येक प्रश्नाला शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा द्यायचा आणि पाचांचा गुणाकार करायचा. बेरीज चालत नाही. बेरजेत एक नापास झाला तर बाकीचे चौघे त्याला खांद्यावर घेतात. गुणाकारात एकाचा भोपळा म्हणजे सगळ्यांचा भोपळा.

मूल्यांकन समितीत माणसंही पाच, प्रत्येकाकडे एक प्रश्न. उगमाचा प्रश्न बापाकडे. शिजण्याचा लेकीकडे. साठवणाऱ्या दगडाचा जावयाकडे, आणि अध्यक्षपदही त्याच्याकडेच. झाकणाचा प्रश्न जिच्याकडे होता तिला सगळे झाकणवाली म्हणत, आणि तिच्या तोंडाला मात्र झाकण नाही असंही म्हणत. सापळा लाटवाल्याकडे. जमिनीत हादरे सोडायचे आणि आदळून परत येणाऱ्या लाटांची चित्रं वाचायची, हा त्याचा धंदा.

"एका घरातले तिघं," लाटवाला म्हणायचा. "आपण दोघं वऱ्हाडी."

"वऱ्हाडी निदान जेवून तरी जातात," झाकणवाली म्हणायची.

उगम

बापाचं कचेरीतलं नाव अजूनखाली. कुठलीही विहीर कोरडी निघाली की तो म्हणायचा, अजून थोडं खाली जायला हवं होतं. तोंडावर त्याला सर म्हणत. पाठ वळली की अजूनखाली. त्याला हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

एका खोऱ्यावर त्याचा जीव जडला होता. नोकरीला लागल्यापासून तो एकच सांगत होता: खोऱ्याच्या मधल्या खड्ड्यात काही नाही, पण पूर्वेच्या उतारावर, खोल, तेल आहे. उतारावर खोल विहीर कुणी पुरी केलीच नाही. एक सुरू झाली होती, ती अर्ध्यात सोडली. दर वेळी खोदाईची रिग दुसरीकडे गेली. निवृत्तीनंतर त्याला समितीवर ठेवलं ते मान म्हणून. तो राहिला उतारासाठी.

या हंगामात एक रिग मोकळी होती. एकच. ती उतारावर जाणार की मधल्या खड्ड्यात, हे आज ठरायचं होतं. मधल्या खड्ड्यात जावयाला उथळ विहिरी खोदून गरम पाणी वर आणायचं होतं, त्याच्या वाफेवर वीज करायची होती, उरलेल्या पाण्याने शहरातली घरं उबदार ठेवायची होती. योजना चांगली होती. तिच्यात बापालाही खोट काढता आली नव्हती, म्हणून तो तिच्यावर विनोद करायचा.

"तेलाच्या खोऱ्यात आंघोळीचं पाणी," तो म्हणायचा. "तेल गेलं, तूप गेलं, हाती बंब आला."

जावई हसायचा. सासऱ्याच्या विनोदाला तो नेहमी हसायचा, जरा उशिरा.

पुढची रिग कधी मोकळी होईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. आणि बापाची छाती आता जिन्याच्या पहिल्या वळणावरच वाजू लागली होती. हा हंगाम गेला तर उताराचं उत्तर त्याला कळणार नव्हतं. एवढंच होतं. त्याला पैसा नको होता, नाव नको होतं. उत्तर हवं होतं, आणि ते आपण म्हणतो तेच असायला हवं होतं.

जावई मुळात बापाचा विद्यार्थी. पहिल्या वर्षी बापाने भर वर्गात त्याला मातीचं एक ढेकूळ दिलं आणि म्हणाला, चाव. जुनी परीक्षा आहे ही. दाताखाली करकरलं तर बारीक वाळू, लोण्यासारखं लागलं तर चिकणमाती. पोराने चावलं, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाला, "चिकणमाती, सर." ढेकूळ गोठ्यातलं होतं. वर्ग हसून लोळला. "तोंडाच्या वर नाक असतं," बाप म्हणाला, "ते उगाच नसतं." आणि त्याच संध्याकाळी त्याने पोराला घरी जेवायला बोलावलं, कारण बाकी कुणी चावायला पुढेच आलं नव्हतं.

जेवताना लेकीला म्हणाला, "याच्याशी बोल. हुशार आहे." मग त्याला म्हणाला, लेक समोर असतानाच, "हिचं डोकं बेताचं. पण हात स्थिर आहे."

दोघांचं लग्न झालं. आपल्याला मुलगा नव्हता, मिळाला, असं बाप येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. लेक पाणी भरता भरता ऐकायची.

शिजणं

ज्या खोलगट भागात गाळ तापतो आणि त्याचं तेल होतं, त्याला या धंद्यात स्वयंपाकघर म्हणतात. लेकीला समितीत घ्यायचं ठरलं तेव्हा बापच म्हणाला होता, "हिला स्वयंपाकघर द्या. घरी सवय आहेच." तो विनोद कचेरीत अजून चालू होता. दर नव्या माणसाला तो पहिल्या आठवड्यात सांगितला जायचा, आणि लेकीने हसावं अशी अपेक्षा असायची.

तिची खोली तळघरात होती. खिडकी नाही. भिंतभर फडताळं, त्यांवर विहिरींतून वर आलेल्या दगडाच्या चुऱ्याच्या कापडी पिशव्या, प्रत्येकीवर विहीर आणि खोली. चुरा डिंकात बसवायचा, सुकला की फिरत्या चाकावर घासायचा, एकही ओरखडा राहू द्यायचा नाही, मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. त्या चुऱ्यात कधीकाळच्या लाकडाचे काळे कण असतात. कण कच्चा असेल तर मळकट राखी दिसतो. शिजला असेल तर उजळ. करपला असेल तर आरशासारखा चकाकतो. एका कणावर विश्वास ठेवायचा नाही, कणामागून कण मोजत राहायचं. डोळे दुखतात. मान दुखते. या कामात बुद्धी फारशी लागत नाही असं बापाचं मत होतं, आणि ती बुद्धी वापरते की नाही हे बघायला तो कधी तळघरात उतरला नव्हता.

मधल्या खड्ड्यातले कण आरशासारखे होते. तिथे तेल असलंच तर केव्हाच जळून गेलं होतं, गॅसही निसटला होता, उरला होता नुसता ताप. जावयाच्या पाण्याला उत्तम.

उतारावरच्या अर्ध्यात सोडलेल्या विहिरीच्या तळातला चुरा तिने शेवटी घेतला. कण उजळ होते. नेमके तेवढेच उजळ, जेवढे असावेत. करपले नव्हते, कच्चे नव्हते. नीट शिजलेले.

बाप बरोबर होता.

तिने ते सगळं पुन्हा मोजलं. बाप बरोबर निघाला की तिला नेहमीच पुन्हा मोजावंसं वाटायचं. तेच आलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी नवरा दाढी करत होता तेव्हा तिने त्याला सांगितलं.

"उतारावरचं शिजलंय. करपलं नाही."

वस्तरा गालावर थांबला. "मधलं?"

"मधलं कोळसा."

"मग खोरं गरम आहे."

"मध्ये. कडेला नाही. बाबा कडेचीच विहीर मागतायत."

"बाबा मागतच असतात." त्याने वस्तरा नळाखाली धरला. "तुला जो आकडा द्यायचा तो दे. तुझ्या आकड्यात मी कधी बोट घातलंय?"

हे खरं होतं. त्याने कधीच घातलं नव्हतं. तो आकड्यांत बोट घालणारा माणूस नव्हता, माणसांत घालणारा होता.

टेबलापाशी बाप पाव चहात बुडवून खात होता. दात आता नावालाच होते.

"बाबा, उताराचा चुरा मोजला मी."

"हं."

"त्यात असं दिसतंय की—"

"बैठकीत आकडा सांग. आत्ता व्याख्यान नको. चहा गार होतोय." मग जावयाकडे वळून, "तो उगमाचा दगड तू पाहिलास का रे, नदीच्या कापात उघडा पडलाय तो? असा दगड मिळणं म्हणजे भाग्य. तुला कळेल त्यातलं. हिला नाही कळायचं."

"पाहिला, बाबा," जावई म्हणाला. "सुंदर आहे."

लेकीने बशी उचलली. पाव अजून संपला नव्हता, तरी उचलली.

साठा

साठवणाऱ्या दगडाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

किती

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अवघड नाही.

'आहे का' हे पाच प्रश्नांनी ठरतं. पण त्याआधी, असलंच तर 'किती', हे विचारतात, आणि त्याला प्रत्येकाने दोन आकडे लिहायचे असतात. एकाला नव्वद म्हणतात, दुसऱ्याला दहा. नव्वद म्हणजे एवढं तरी निघेलच, नव्वद टक्के खात्री आहे, असा आकडा. त्यावर माणूस पैज लावेल. साहजिकच तो लहान. दहा म्हणजे नशीब फळफळलं तर एवढं, दहा टक्के आशा. त्याची माणूस स्वप्नं बघेल. तो मोठा. नव्वद लहान, दहा मोठा.

नवख्याला हे उलटं वाटतं. जुन्यांनाही वाटायचं, कारण या कचेरीत पूर्वी ते उलटंच होतं. नव्वद ही शिडीची वरची पायरी, म्हणून मोठा आकडा. दहा खालची, म्हणून लहान. बापाने आयुष्यभर हीच शिडी शिकवली. जावई अध्यक्ष झाला आणि त्याने परिपत्रक काढून शिडी उलटी केली. सगळीकडे असंच करतात, आपणच वेगळे आहोत, असं त्याचं म्हणणं होतं. तेही खरं होतं. बाप त्याच्याशी भांडला, हरला, आणि परिपत्रकावर 'वाचले' म्हणून सही करून मोकळा झाला.

बैठकीची खोली लांबट होती. पाण्याचा काचेचा जग, त्यावर पालथा ग्लास. वातानुकूलन यंत्रातून गळणाऱ्या पाण्यासाठी कोपऱ्यात बादली. पडद्यावर खोऱ्याचा नकाशा, मधला खड्डा लाल, उतार पिवळा. पाचही जणांनी आपापल्या चिठ्ठ्या आधीच लिहून, घडी घालून अध्यक्षासमोर ठेवल्या होत्या. चिठ्ठी वाचली जाण्याआधी मागे घेता येते. वाचल्यावर नाही. असा नियम.

'किती'च्या चिठ्ठ्या आधी उघडल्या. लाटवाल्याचे आकडे बेताचे. झाकणवालीचे आणखी बेताचे. लेकीचे मधले. जावयाने आपले वाचले. मग बापाची घडी उघडली.

बापाने नव्वदसमोर भला मोठा आकडा लिहिला होता आणि दहासमोर लहान.

जावयाला पाहताक्षणी कळलं. ही शिडी तो याच माणसाकडून शिकला होता. हात जुना, शिडी जुनी, आकडे मात्र शहाण्यासारखे. उलटे वाचले की झालं. कुजबुजून विचारलं असतं तरी निभावलं असतं. लेकीलाही त्याच क्षणी कळलं, कारण नवऱ्याच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित हलला.

त्याने चिठ्ठी जशी होती तशी वाचली. मोठ्याने, सावकाश, एकेक अंक सुटा करून.

लाटवाल्याने मान वर केली. "परत वाच."

त्याने परत वाचली.

"म्हणजे," झाकणवाली म्हणाली, "सरांची पैज स्वप्नापेक्षा मोठी आहे."

लाटवाला खोकल्यासारखं हसला.

"अहो, ते जुन्या शिडीने लिहिलंय," लेक म्हणाली. "अदलाबदल करून वाचा. आकडे बरोबर आहेत."

"असं आहे का, सर?" जावयाने अगदी आदराने विचारलं. "आता चिठ्ठी बदलता यायची नाही, वाचून झाली. पण तसं असेल तर मी नोंद करतो, की ज्येष्ठ सदस्यांना नवी पद्धत लक्षात राहिली नाही. त्यात कमीपणा काही नाही. वयाप्रमाणे होतं."

बाप नकाशाकडे बघत होता. त्याला आत्ता कळत होतं. कळताना दिसत होतं: आधी कान लाल झाले, मग मानेची शीर.

"मी काहीही विसरलेलो नाही," तो म्हणाला.

"बाबा, नुसतं हो म्हणा," लेक म्हणाली. "सगळ्यांचंच होतं."

"तू गप्प बस." तो तिच्याकडे वळला. सगळी लाज त्याला कुठेतरी ओतायची होती आणि भांडं जवळच होतं. "तुला कुणी विचारलं? शिडी म्हणे. तुला शिडी कळते? आयुष्यभर नळीत डोळा घालून बसलीस, काळे ठिपके मोजत, आणि मला आकडे शिकवतेस?" मग बाकीच्यांना, हात पसरून, "हिला मी या खोलीत आणलं ते मला दया आली म्हणून. दुसरं कुठे घेतलं नसतं. माझी वकिली करायला हीच उरली होती."

लाटवाल्याने जगावरचा ग्लास सुलटा केला, पण पाणी ओतलं नाही.

"मी लिहिलं ते मला तसंच म्हणायचं होतं," बाप म्हणाला.

इथे जावई थांबू शकला असता. दोन आकडे उलटसुलट असले की चिठ्ठी आपोआप बाद होते, पुढे काही करावं लागत नाही. त्याने पेन खाली ठेवलं, खुर्ची थोडी मागे घेतली आणि विद्यार्थी बसतो तसा बसला.

"मग समजावून सांगा, सर. आम्हालाही शिकायला मिळेल."

इतिवृत्तात आलं ते

'ज्येष्ठ सदस्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली.'

झालं ते

"लहान साठा," बाप म्हणाला, "लहान साठा टिकत नाही. झिरपून जातो. म्हणून लहानाची खात्री कमी. मोठा साठा जागचा हलत नाही. म्हणून मोठ्याची खात्री जास्त."

"वा," जावई म्हणाला. "म्हणजे शंभर पिंपं निघण्याची खात्री जास्त, आणि एक पिंप निघण्याची कमी."

"हो."

"पण सर, शंभर पिंपं निघाली तर त्यात पहिलं एक पिंप असेलच ना?"

झाकणवालीने ओठ आत दुमडून घेतले.

"तो प्रश्न वेगळा," बाप म्हणाला.

"बरोबर. आपण वेगळाच घेऊ. ते पहिलं पिंप कुठे जातं?"

"थट्टा करू नकोस."

"नाही सर. मी लिहून घेतोय." आणि तो खरंच लिहून घेत होता. "पुढे?"

बाप पुढे बोलला. दाब म्हणाला, ताप म्हणाला. दाबाखाली आकडे वेगळे वागतात म्हणाला. घसा कोरडा पडला तरी समोरचा जग त्याला दिसला नाही. वाक्य सुरू करायचा, अर्ध्यावर पोचायचा, आणि आता मागे फिरावं की पुढे जावं हे न कळून पुढे जायचा. दर वाक्यानंतर जावई म्हणायचा, "हो सर. पुढे?" चिडवणं म्हणावं असं त्या आवाजात काही नव्हतं. वर्गात पहिल्या बाकावरचा पोरगा विचारतो तसं विचारणं होतं.

"उथळ पाहिलं तर तुमचं बरोबर वाटेल," बाप म्हणाला. "पण जसजसं आपण—"

"अजून खाली," लाटवाला पुटपुटला.

मग मात्र सगळे हसले. झाकणवालीला डोळे पुसावे लागले. जावई हसला नाही. त्याने हसणाऱ्यांकडे नाराजीने बघितलं, आणि त्यामुळे ते आणखी हसले.

बापही हसला. इतरांबरोबर हसलं की आपल्यावर हसत नाहीत असं त्याला वाटलं असावं. हसताना त्याने लेकीकडे बघितलं, तिनेही हसावं म्हणून.

ती हसली नाही. तिला मदत करायची होती, ती केली होती. त्याची किंमत तिला सगळ्यांसमोर सांगून झाली होती. तिच्या मनात आता फार काही नव्हतं. धुऊन पालथं घातलेल्या भांड्यासारखं झालं होतं.

"चिठ्ठी बाद," जावई म्हणाला. "आता 'आहे का'."

आहे का

बापाची 'किती'ची चिठ्ठी बाद झाली तरी विहीर मेली नव्हती. 'किती'चे बाकीचे आकडे पुरेसे होते. आता खरा निकाल पाच प्रश्नांवर होता.

उगम. बापाने नऊदशांश लिहिलं होतं. जास्त होतं, पण खोटं नव्हतं. नदीच्या कापातला दगड सगळ्यांनी पाहिला होता.

साठा. जावयाने स्वतःचा आकडा वाचला. चांगला होता. या माणसाने सासऱ्याला सोलून काढलं, पण दगडाला त्याचं माप दिलं. तो असाच होता.

झाकण चांगलं. सापळाही चांगला. लाटवाल्याने आपला आकडा ऐकला, तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि भुवया उंचावल्या. शिजण्याचा आकडा बरा आला तर रिग उतारावर जाणार होती. मधल्या खड्ड्याला थांबावं लागणार होतं.

हे टेबलाभोवती सगळ्यांना एकाच वेळी कळलं. बापालाही कळलं. तो ताठ बसला. दोन मिनिटांपूर्वी जो माणूस गळून गेला होता, तो खुर्चीच्या हातांना धरून पुढे झाला होता, आणि त्याचा श्वास दोन खुर्च्या सोडून ऐकू येत होता.

जावयाने शेवटची घडी हातात घेतली. त्याला आत काय आहे ते माहीत होतं. दाढी करताना त्याला सांगितलं होतं. त्याचा चेहरा पडला होता, आणि तरी तो घडी उघडत होता, कारण नियम तसा होता.

"थांबा," लेक म्हणाली. "माझी चिठ्ठी मला परत हवीय."

तो थांबला. "बदलायची आहे?"

"हो."

त्याने घडी टेबलावरून सरकवली. तिने ती उघडली. आतला आकडा सुबक होता, तिने सकाळी लिहिलेला. तिने त्यावर एक आडवी रेघ मारली, खाली दुसरा लिहिला, घडी घातली, आणि सरकवून परत दिली.

जावयाने उघडली. वाचायच्या आधी त्याने तिच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं: थोडं घाबरून.

"शून्य," तो म्हणाला.

बादलीत पाणी पडत राहिलं.

"शून्य?" झाकणवाली म्हणाली. "अगं, पण कालच जेवणाच्या सुट्टीत तू म्हणालीस उतारावरचे कण बरे दिसतायत."

"तळातले समजून मोजले होते. ते तळातले नव्हते. वरची भिंत ढासळून विहिरीत पडलेला चुरा होता, तोच पिशवीत भरलाय. वरचा दगड कमी तापलेला, तो बराच दिसणार. खरा तळातला आज वेगळा काढून मोजला, चिठ्ठी त्याआधीची होती. करपलाय."

हे होतं. भिंती ढासळतात, वरचा चुरा खालच्या पिशवीत येतो, मोजणारे फसतात. टेबलावरच्या प्रत्येकाने असा चुरा पाहिला होता. कुणालाच विचारायला काही उरलं नाही. जावयाला उरलं होतं. त्याने विचारलं नाही.

बाप तिच्याकडे बघत होता.

"सगळा?" त्याने विचारलं.

"सगळा."

"कडेचाही?"

"कडेचाही, बाबा."

"परत मोजलंस?"

"मोजलं." हे एक तिने खरं सांगितलं.

आता तो चिडेल, असं लाटवाल्याला वाटलं. आता तो पुन्हा सिद्धान्त सांगेल, दाब म्हणेल, ताप म्हणेल. झाकणवालीने नजर दुसरीकडे वळवली.

पण बापाने मान हलवली. हळूहळू, दोनतीनदा. खुर्चीचे हात सोडले.

"मग शून्यच," तो म्हणाला. "लिहा शून्य. हिचं मोजणं चुकत नाही." आणि सगळ्यांकडे बघून, शिक्षक सांगतो तसं, "तुम्ही मला वेड्यात काढलंत तर चालेल. पण हिने मोजलं असेल तर ते तसंच असणार. इतक्या वर्षांत या पोरीच्या एकाही आकड्यात मला चूक सापडलेली नाही. मी शोधली नाही असं नाही."

हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या बारावीच्या निकालाला नाही, तिच्या पहिल्या अहवालाला नाही, लग्नात नाही. ती ऐकत होती. आत कुठेतरी काहीतरी वर यायला हवं होतं. ती वाट बघत बसली. काही आलं नाही.

जावयाने गुणाकार केला. करायची गरज नव्हती, तरी केला, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

रिग मधल्या खड्ड्यात जाणार हे ठरलं. लाटवाल्याने अभिनंदन केलं. झाकणवालीने जावयाला विचारलं, पहिल्या विहिरीचं पाणी आंघोळीला मिळेल का, आणि मिळणार असेल तर साबण आपला आणायचा की खात्याचा. खुर्च्या सरकल्या.

बाप बसूनच होता. लेक जवळून जाताना त्याने तिच्या ओढणीचं टोक पकडलं, लहान मूल पकडतं तसं.

"मला दाखवशील?" तो म्हणाला. "ते कण. करपलेले. मी कधी बघितलेच नाहीत तुझ्या त्या यंत्रातून. एकदा बघतो, म्हणजे मनाचं समाधान होईल."

"उद्या या तळघरात," ती म्हणाली. "जिना हळू उतरा. दाखवते."

मधल्या खड्ड्यातले तिच्याकडे भरपूर होते.